पाचवं कारण

जानकी उंबऱ्याशीच बसली. आत ये असं तिला कुणी म्हणालं नव्हतं, आणि ती रोज जिथून यायची तो न्हाणीघराकडचा मागचा दरवाजा आज आतून लावलेला होता. तिने पदर तोंडाला लावला आणि रडायला सुरुवात केली. कर्णिकांच्या घरात तीन दिवसांत एवढ्या मोठ्याने कुणीच रडलं नव्हतं.

"एकतीस दिस माझ्या पायांर न्हालो ओ तो," ती म्हणाली. "कधी म्हणून रडलो नाय. पाणी पडला की डोळे मिटून गप ऱ्हवायचो."

माई बाकावर बसून वाती वळत होत्या. घरात मूल गेल्यानंतर वाती कशाला लागतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण हाताला काहीतरी हवं होतं. विद्याधर खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसला होता. सकाळपासून त्याने पान उलटलं नव्हतं. बाळाची आई, उत्तरा, आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या मागे पाळण्याचा रिकामा आकडा छतातून लोंबत होता. पाळणा तेवढा कुणीतरी काढून नेला होता, आकडा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"डाक्टरान काय सांगल्यान, माई?" जानकीने विचारलं.

माईंनी मुलाकडे पाहिलं.

"छाती भरली," विद्याधर वर्तमानपत्राआडून म्हणाला. "यंदा थंडी फार आहे."

"आसाच ती. हय मुलुंडात डोंगराचो वारो, तो खंय पोरांक सोसता," जानकी म्हणाली आणि तिला खोकला आला. रीतीप्रमाणे तिने तोंड फिरवलं, पदरात खोकली, बराच वेळ खोकली. खोकला थांबेपर्यंत त्या घरातली तीन माणसं श्वास धरून होती. हा खोकला दिवाळीपासूनचा. घरात तो सगळ्यांना माहीत होता. माईंनीच तिला दोनदा अडुळशाचा काढा करून दिला होता.

जानकी जायला उठली तेव्हा उत्तराजवळ आली. तिच्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून तिने हात पुढे केला. उत्तरा अर्धं पाऊल मागे सरली. जानकीला वाटलं, विटाळ धरला असेल. तिने हात आवरता घेतला आणि ती गेली.

बाळ गेलं त्या दुपारी डॉक्टर नाबर मोरीवर हात धूत असताना विद्याधरने त्यांना कारण विचारलं होतं. विद्याधर विमा कंपनीत होता. माणूस मेला की एक रकाना भरायचा आणि त्यात कारण लिहायचं, याचं त्याच्या हाताला वळण होतं. पेनिसिलीनची तीन इंजेक्शनं देऊनही मूल जातं याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"एक कारण नसतं रे," डॉक्टर म्हणाले. ते विद्याधरच्या वडिलांचे मित्र, त्यामुळे अरेतुरे करत. त्यांनी टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसत सांगितलं. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या महिनाभर बंद आणि आत शेगडी. दोन वेळा अंघोळीनंतर ओवा, ऊद आणि लसणाच्या सालींची धुरी, ती पोराला अंगावर घेऊन. नाकात कोमट तेल. "तेल नाकातून सरळ छातीत उतरतं आणि मग ते बाहेर येत नाही." पहिल्या तीन दिवसांचं आईचं दूध पिळून टाकायचं आणि बोटाने मध चाटवायचा. "जे अंगात यायला हवं ते तुम्ही मोरीत टाकता."

ते थोडे थांबले. बोलावं की नाही असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"आणि ती न्हाऊ घालणारी बाई खोकते. मी आलो होतो तेव्हा पाहिलं. अंघोळ झाली की पोराच्या नाकाशी तोंड नेऊन फुंकर घालते, पाणी उडवायला. कितीही चांगली बाई असू दे. यातलं कोणतं लागलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक सगळ्यांनी मिळून."

मग त्यांनी दाखला लिहिला. नंदकिशोर विद्याधर कर्णिक. बारशाला ठेवलेलं ते नाव त्यानंतर कुणी उच्चारलंसुद्धा नव्हतं. घरात सगळे बाळच म्हणत. पूर्ण नावाचा उपयोग झाला तो एवढाच.

संध्याकाळपर्यंत पाचातली चार कारणं घरातून नाहीशी झाली होती. कुणी ती खोडून काढली नाहीत, कुणी वादही घातला नाही. त्यांचा विषय निघाला नाही इतकंच. खिडक्या माईंनी लावून घेतल्या होत्या, शेगडी माईंची होती, तेलाची वाटी रोज सकाळी माईच कोमट करून द्यायच्या, आणि पहिलं दूध जड असतं हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. शिवाय विद्याधर याच शेगडीवर वाढला होता आणि चांगला साडेपाच फूट उंच झाला होता. पाचवं कारण मात्र भांडुपकडून, पाइपलाइनच्या कडेने, रोज सकाळी पायी चालत यायचं. ते धरून ठेवायला सोपं होतं.

"मी म्हणतच होते, तिचा खोकला बरा नाही," माई म्हणाल्या. त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. पण आता त्यांना खरोखरच तसं आठवत होतं, आणि ती आठवण त्यांच्याकडून काढून घ्यायची हिंमत घरात कुणाला नव्हती. नातू त्यांचाही गेला होता.

"तिला सांगायला हवं ना?" उत्तराने विचारलं.

"काय सांगणार?" विद्याधर म्हणाला. "तुझ्यामुळे आमचं मूल गेलं म्हणून? गरीब बाई आहे. पंचवीस वर्षं हेच करतेय. जन्मभर मनाला लावून घेईल."

"पण ती आणखी कुणाकडे..."

"बोलून काय परत येणार आहे का, उत्तरा?"

"आणि उलटून बोलली तर?" माई वातींकडे पाहत म्हणाल्या. "धुरी तुम्हीच द्यायला सांगितलीत म्हणेल. शेजारपाजारी ऐकतील."

माईंच्या तोंडून खरं निघून गेलं होतं, आणि ते तिघांनीही ऐकलं होतं.

उत्तराला तरी राहवलं नाही. वरच्या मजल्यावर शुभाचं बाळ पंचवीस दिवसांचं होतं, आणि कर्णिकांकडचं आटोपून जानकी रोज जिना चढून तिथेच जायची. शुभा तिची मैत्रीण. उत्तरा सुतकातच, दाराबाहेर उभी राहून तिला सांगून आली. शुभाने तोंडावर हात ठेवला, तिला रडू आलं, तिने उत्तराचे दोन्ही हात घट्ट धरले. दुसऱ्या दिवशी तिने जानकीला सांगितलं की डोंबिवलीहून आमची आईच येतेय, आता तुम्हाला त्रास नको.

शुभाने ते मागच्या इमारतीतल्या जयंतीला सांगितलं. तिला सातवा लागला होता आणि जानकीला आधीच सांगून ठेवलेलं होतं. जयंतीने आणखी दोघींना सांगितलं. आठ दिवसांत कॉलनीच्या चारही इमारतींत ज्या ज्या घरात पाळणा होता किंवा लवकरच येणार होता, त्या प्रत्येक घराला कळलं. कुणी म्हणालं डॉक्टरांनी महिनाभर नुसतं पुसून घ्यायला सांगितलंय. कुणी म्हणालं आम्ही माहेरी जाणार आहोत. एकीने तर चाळीस दिवस पुरे व्हायच्या आधीच जानकीची ओटी भरली, साडी दिली, नारळ दिला, आणि इतक्या मायेने निरोप दिला की जानकी तिच्या पाया पडली.

कॉलनीतली माणसं खरंच चांगली होती. एकाही घरात जानकीला कुणी वाईट शब्द बोललं नाही. तिचं मन दुखू नये म्हणून सगळ्यांनी फार जपलं. एका बाईचं मन इतक्या घरांनी एकाच वेळी जपावं हे रोज घडत नाही.

बाळ जाऊन सोळा दिवस झाले त्या सकाळी जानकी पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी तिच्या हातात कागदात बांधलेली साखर होती आणि चेहरा उजळलेला होता. तो लपवायचा ती प्रयत्न करत होती. हे घर कसलं आहे याची तिला जाणीव होती. माई देवळात गेल्या होत्या, विद्याधर ऑफिसला.

"इलंय नसतंय ओ वैनी, पण तुमका सांगल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरूचो नाय," ती म्हणाली. "शेवंतीक झील झालो. आज चार दिस झाले."

शेवंती म्हणजे तिची सून. नऊ महिने भरत आल्याचं जानकी अंघोळ घालताना रोज सांगायची. मुलगा सहदेव विक्रोळीला कारखान्यात होता.

"बरं झालं," उत्तरा म्हणाली. साखर तिने हातात घेतली. पुडी कोमट होती, जानकीने ती मुठीत धरून आणली असावी.

"हंयच्या बायकांनी कामां बंद केल्यानी एकदमच. माका आधी लय वायट वाटला. माझां काय चुकलां, म्हटलां. मगे म्हटलां, देवानच केल्यान. आता माझो येळ माझ्या नातवाक. दोन टायम न्हाऊ घालतंय. लोकांच्या चारशे पोरांक घातलंय, पण स्वताच्या झिलाक घालूक माका कधी येळ गावलोच नाय. तेवा मी दुसऱ्यांच्याच दारांत."

ती खोकली. तोंड फिरवून, पदरात.

मग तिचं लक्ष उत्तराच्या पोलक्याकडे गेलं. छातीवर दोन ओले डाग होते. दूध अजून थांबलं नव्हतं. माईंनी रोज पट्टा बांधायला लावला तरी त्या ठराविक वेळी ते यायचं, कुणीतरी भुकेलं होऊन रडतंय अशा खात्रीने यायचं. जानकी दोन पावलं पुढे आली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली,

"सगळां काढू नकात. दुखला तर वाईच काढा आणि सोडून द्या. आठ दिसांत जाईल." मग तिला राहवलं नाही. "तुमच्या बाळावानीच आसा ओ दिसूक. तसोच कपाळाक रुंद. न्हाताना तसोच डोळे मिटता."

आता सांगावं, असं उत्तराच्या ओठांपर्यंत आलं होतं. वाक्य तयार होतं: जानकीबाई, तुम्ही त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नका. एवढंच. बाकीचं सांगायचीही गरज नव्हती. पण समोर ही बाई उभी होती, हिच्या पायांवर आपलं मूल एकतीस दिवस न्हालं होतं, आणि आता हिच्याकडे मूल होतं. तसंच. डोळे मिटणारं.

होऊ दे, असं उत्तराला वाटलं.

ते एका क्षणापुरतंच होतं. पण त्या क्षणी तिला ते नुसतं सुचलं नाही, तिला तसं हवं होतं. तो क्षण सरेपर्यंत जानकी जिना उतरून गेली होती. तिला हाक मारता आली असती. फाटकापर्यंत जानकी खिडकीतून दिसत होती. उत्तराने साखर फडताळात ठेवली आणि माई आल्यावर त्यांना जानकीला नातू झाल्याचं सांगितलं.

"देव देतो एकेकाला," माई म्हणाल्या.

त्यानंतर अकरा दिवस उत्तराने स्वतःला निरनिराळी कारणं दिली. सहदेव शिकलेला आहे, त्याला कळेल. चाळीतल्या पोरांना सगळं सोसतं. आपण सांगितलं तर त्यांना वाटेल, आपलं गेलं म्हणून दुसऱ्याच्या सुखात विघ्न आणायला आली. यातलं शेवटचं कारण तिला सगळ्यांत जास्त पटलं. माईंना सांगितलं असतं तर त्यांनाही पटलं असतं.

बाराव्या दिवशी दुपारी ती वाळवण काढायला गच्चीत गेली. शुभा तिथे पोराला उन्हात घेऊन बसली होती. पोर छान बाळसं धरायला लागलं होतं. उत्तराला पाहून शुभाने नकळत त्याच्यावर पदर ओढला, मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने तो बाजूला केला.

"तुझ्यामुळे वाचला गं हा," ती म्हणाली. "वेळेवर कळलं म्हणून. नाहीतर ती रोज याच्या नाकात फुंकत होती. ते तेल आणि धुरीसुद्धा बंद केली मी. सासूबाई चिडल्या, चिडू देत." तिने पोराचं नाक पुसलं. "आता म्हणे नातवालाच न्हाऊ घालते दोन-दोनदा. काल आमची भांडेवाली सांगत होती, तिच्याच चाळीत राहते ना ती. पोराला खोकला झालाय म्हणे."

उत्तराने हातातली परडी खाली ठेवली.

"अगं, मिरच्या..." शुभा म्हणाली.

उत्तरा जिना उतरून घरात गेली, चपला घातल्या आणि माई "कुठे?" म्हणेपर्यंत फाटकाबाहेर पडली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच एवढं चालत होती. पाइपलाइनच्या कडेने भांडुपच्या बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. जानकी हा रस्ता रोज दोनदा चालायची, खोकत, हे तिच्या आज प्रथमच लक्षात आलं. टाक्यांची जागा ओढायला लागली तेव्हा ती एकदा थांबली. काय बोलायचं ते तिने मनाशी जुळवलं. मग ते विसरून पुन्हा भराभर चालायला लागली.

चाळ म्हणजे दहा खोल्यांची एक ओळ होती, वर पत्रे. प्रत्येक दारापुढे चूल नाहीतर शेगडी, आणि दुपारच्या चहासाठी सगळ्या एकदम पेटलेल्या. कोळशाच्या चुऱ्याचे गोळे धुमसत होते. जानकीचं दार कुणी सांगायची गरज पडली नाही. त्या एकाच दारावर गोणपाट टांगलेलं होतं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून.

उत्तराने गोणपाट बाजूला केलं. आधी काहीच दिसलं नाही. मग ओव्याचा आणि उदाचा वास आला, आणि त्या वासाबरोबर तिच्या छातीत कळ उठून दूध आलं. धुराला डोळे सरावले तसं खोलीतलं एकेक दिसायला लागलं. कोपऱ्यात चटईवर शेवंती, डोक्याला फडकं बांधलेलं. भिंतीला दोन वळकट्या आणि खुंट्यांवर चार-पाच पुरुषांचे कपडे. खिडकी एकच, तिच्यात चिंध्या कोंबलेल्या. मधोमध जानकी पाटावर पाय लांब करून बसलेली, शेजारी तेलाची वाटी. नातवाला नुकतंच न्हाऊ घालून तिने निखाऱ्यांवर धरलं होतं, आणि ती त्याला वरखाली झुलवत होती, हलक्या हाताने, चारशे पोरांना झुलवलेल्या हाताने.

"येवा, येवा वैनी!" तिच्या आवाजात इतका आनंद होता की उत्तराला तिथूनच परत जावंसं वाटलं. "शेवंती, बघ कोण इलां! कर्णिकांच्या वैनी. माझ्या घराक पयल्यांदा पाय लागले तुमचे."

"जानकीबाई, त्याला बाजूला घ्या."

"वाईच खोकलो झालोसा त्याका. म्हणून आज धुरी जास्त केलंय. नाकात त्याल घातलंय, मोकळां होईत. दोन दिस दूध धड पिणा नाय. पोट उडता."

पोट उडत होतं. उत्तराला सांगायची गरज नव्हती. प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खळगा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. हे तिने तीन दिवस आणि तीन रात्री पाहिलं होतं, श्वास मोजत पाहिलं होतं.

"त्याला शेवंतीजवळ द्या. आत्ता."

"कित्याक?"

आणि मग उत्तरा बोलायला लागली. उभ्यानेच. खिडक्यांपासून सुरुवात केली. बंद खोलीत मुलांना त्रास होतो, म्हणाली. धुराने छाती बिघडते. तेल नाकातून छातीत उतरतं. पहिलं दूध टाकायचं नसतं. डॉक्टरांचेच शब्द एकामागून एक तिच्या तोंडून येत होते, त्याच क्रमाने, आणि चौथ्यानंतर ती अडली.

जानकी मान डोलवत ऐकत होती. झुलवायचं तिने थांबवलं होतं.

"पण ह्यां तर सगळां माईच करूक सांगत," ती म्हणाली. "मी सगळीकडे तसांच करतंय."

"हो. माईंचीही चूक झाली. आमची सगळ्यांची झाली."

"डाक्टर आणि काय म्हणालो?"

उत्तराने शेवंतीकडे पाहिलं. शेवंती कोपरावर उठून बसली होती.

"तुमचा खोकला," उत्तरा म्हणाली. "तुम्ही फुंकर घालता ना त्याच्या नाकाशी. त्यातून तो मुलाला जातो. मोठ्या माणसाला काही होत नाही. लहान मुलाला..."

जानकीचा हात तोंडावर गेला. तिने नातवाकडे पाहिलं, मग मान मागे घेतली, हात होते तेवढे लांब करून त्याला आपल्यापासून दूर धरलं आणि तशीच बसून राहिली. कुणीतरी त्याला घ्यावं म्हणून.

शेवंती उठली. तिने पोराला सासूच्या हातांतून उचललं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं, डोक्याचं फडकं घट्ट केलं.

"खंयचो डाक्टर?" तिने विचारलं. उत्तराकडे न बघता.

"नाबर. मुलुंड स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर. माझं नाव सांग. थांब, मी येते बरोबर."

शेवंती थांबली नाही. तिने बाहेरून शेजारच्या प्रेमाला हाक मारली. जानकी धडपडत उठून तिच्या मागे निघाली तशी ती गोणपाटापलीकडून म्हणाली,

"आये, तुमी नको."

आवाज चढलेला नव्हता. दोघींच्या चपलांचा आवाज आणि पोराचं ते बारीक कण्हणं थोडा वेळ ऐकू आलं, मग पलीकडच्या कुणाच्या तरी भांड्यांच्या आवाजात बुडालं.

उत्तरालाही त्यांच्यामागे जायचं होतं. पण जानकी दारातच उभी होती, आणि तिला बाजूला सारून जाणं उत्तराला जमलं नाही. थोड्या वेळाने जानकी आपणच मागे फिरली. तिने तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. वाफ आणि राख उडाली. तिने खिडकीतल्या चिंध्या एकेक करून ओढून काढल्या आणि त्यांची घडी घालायला लागली. चिंध्याच त्या, पण तिने त्यांच्या कडा जुळवल्या, हाताने दाबल्या, एकावर एक ठेवल्या. ऊन आत आलं तेव्हा खोली किती लहान आहे ते दिसलं.

"म्हणून त्या सगळ्या बायकांनी माका बंद केल्यानी," ती म्हणाली.

"हो."

"त्यांका कोणी सांगल्यान?"

"मी शुभाला सांगितलं. तिने बाकीच्यांना."

"बरां केल्यात. त्यांची पोरां वाचली."

ती हे मनापासून म्हणाली. टोमणा असता तर उत्तराला ते सोसलं असतं. ती पुढे झाली.

"जानकीबाई, डॉक्टर चांगले आहेत. लवकर नेलंय. तो बरा होईल."

जानकी पाटावर बसली, घड्या केलेल्या चिंध्या मांडीवर घेऊन. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. काहीतरी ती मोजत होती आणि मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"तुमचां बाळ जावन आज किती दिस झाले, वैनी?"

"अठ्ठावीस."

जानकीचा अंगठा थांबला.

"माझो नातू तर सोळाच दिसांचो," ती म्हणाली.